भिंतीचा जबाब

माझ्या कारकिर्दीच्या पहिल्या दहा वर्षांत मी निदान तीन चांगली घरे बिघडवली, ही गोष्ट आता कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही. कारण त्या घरांचे मालक बव्हंशी निवर्तले आहेत, आणि जे हयात आहेत त्यांनी मला केव्हाच क्षमा केली आहे, किंवा निदान माझे नाव तरी ते विसरले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात लोकल बोर्डाच्या बांधकामावर मी १९३२ साली हजेरी कारकून म्हणून लागलो, पुढे परीक्षा देऊन ओव्हरसिअर झालो, आणि १९६२ साली बोर्डे जाऊन जिल्हा परिषदा आल्या त्या सुमारास पेन्शनीत निघालो. या तीस वर्षांत मी किती शाळा, धर्मशाळा, मोऱ्या आणि साकव बांधले त्याची मोजदाद दप्तरात कोठेतरी असेल. परंतु ज्या कामाने मला खरोखर काही शिकविले त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. फिरतीवर असताना संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर टेकतो न टेकतो तोच गावातला कोणी गृहस्थ खांद्यावर उपरणे सावरीत येई, पाऊसपाण्याच्या चार गोष्टी करी, आणि उठता उठता आवाज खाली आणून म्हणे, “साहेब, सवड असली तर आमच्या माजघराची भिंत जरा नजरेखालून घालता का?” घरातल्या उपवर मुलीविषयी किंवा थकलेल्या कर्जाविषयी माणूस ज्या आवाजात बोलतो तोच हा आवाज. ओलीची लोकांना लाज वाटते हे मला पहिल्याने या आवाजावरून कळले.

कोकणातले जुने घर म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांचे घर. हा दगड खाणीतून काढतेवेळी इतका मऊ असतो की तो हत्याराने तासता येतो, आणि वाऱ्याउन्हात पडून राहिला की तो आपोआप टणक होत जातो. बुकॅनन नावाच्या एका स्कॉटिश प्रवाशाने १८०७ साली मलबारातील आपल्या प्रवासवृत्तात याच गुणामुळे त्याला विटेच्या लॅटिन नावावरून नाव दिले. पण तो कितीही टणक झाला तरी त्याच्या अंगची छिद्रे काही बुजत नाहीत. रत्नागिरीस चार महिन्यांत सुमारे १२५ इंच पाऊस कोसळतो. अशा मुलखात सच्छिद्र दगडाची घरे बांधून माणसे पिढ्यान् पिढ्या सुखाने राहिली, याचा अर्थ त्या बांधणीत काहीतरी तजवीज केलेली असली पाहिजे, एवढा साधा विचार मला त्या काळी सुचला नाही. मला एवढेच दिसे की भिंत भिजते आहे, आणि माझ्याजवळ सिमेंट आहे.

पहिले घर एका खोताचे. माजघराच्या भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत ओल, चुन्याचा गिलावा पोपडे धरून सुटलेला, पांढरट लोणा फुललेला. मी मोठ्या रुबाबात जुना गिलावा खरवडून काढविला आणि तीन फूट उंचीचा, एकास तीन प्रमाणाचा, घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा पट्टा चहूकडून फिरविला. मालक प्रसन्न झाले. मला एक पायली उकडे तांदूळ आणि फणस मिळाला. पहिला पावसाळा निर्वेध गेला. दुसऱ्या पावसाळ्यात पट्ट्याच्या वरच्या कडेला, म्हणजे पूर्वी जेथे भिंत ठणठणीत कोरडी होती तेथे, एक काळसर रेघ उमटली. तिसऱ्या वर्षी ती रेघ खिडकीच्या उंबऱ्याला पोचली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पोटमाळ्याच्या तुळईचे भिंतीत गाडलेले टोक सळईने टोचून पाहिले तर सळई लोण्यात शिरावी तशी आत गेली. खोतांच्या वृद्ध मातोश्री ओटीवर बसून हा सारा तपास पाहत होत्या. त्या मला काही बोलल्या नाहीत, फक्त सुनेला म्हणाल्या, “ओव्हरसिअरांना चहा दे, दमले असतील.” तो चहा मला अद्याप आठवतो.

झाले होते ते असे. जमिनीतले पाणी दगडाच्या व मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, केशाकर्षणाने वर चढते. ते दोन-तीन फूट चढते, क्वचित चार फूट. किती चढावे हे ठरते ते वाटेत किती उडून जाते त्यावर. चुन्याचा गिलावा ही वाफ बाहेर जाऊ देतो, म्हणून चढण आणि उडणे यांचा मेळ गुडघ्याजवळ बसतो आणि ओल तेथेच थांबते. मी ती वाट बुजविली. तेव्हा पाण्याला जेथे मोकळा पृष्ठभाग सापडेल तेथपर्यंत चढणे भागच होते. पाणी सोबत जमिनीतले क्षारही घेऊन येते, आणि ते उडून गेल्यावर हे क्षार मागे स्फटिकरूपाने साचून गिलाव्याला आतून ढकलतात. त्यालाच आपण लोणा म्हणतो. पुस्तकात केशाकर्षणाचा धडा मी वाचला होता, त्यावर गुणही मिळविले होते. पण तो धडा खोतांच्या माजघरात घडतो आहे हे मला ओळखता आले नाही.

ते ओळखावयास मला एका गवंड्याने शिकविले. हा मनुष्य निरक्षर होता, बोर्डाच्या हजेरीपटावर अंगठा उठवीत असे, आणि चुन्याखेरीज कशालाही हात लावण्याची वेळ आली की त्याचा चेहरा उतरत असे. खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला चुना विरवून, बैलाच्या घाण्यात वाळूबरोबर मळून, त्यात कधी गुळाचे, कधी हिरड्याचे पाणी घालून तो जो गिलावा तयार करी त्याला वेळ लागे, आणि वेळ लागणे हा आमच्या खात्यात मोठा दोष समजला जाई. एका शाळेच्या जुन्या भिंतीला सिमेंट लावण्याचा हुकूम मी त्याला दिला तेव्हा थापी खाली ठेवून तो म्हणाला, “सायब, मानसाला मेणकापडात गुंडाळून उन्हात उभा केलात, तर तो आतून भिजेल का नाय?” मी त्याला गप्प केले आणि काम पुरे करून घेतले. त्या शाळेच्या भिंतीचे पुढे काय झाले हे आता वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मी बिघडविलेल्या तीन घरांत मी तिला धरीत नाही, कारण ती सरकारी होती, आणि सरकारी इमारतीच्या ओलीची कोणाला लाज वाटत नाही.

युद्धाच्या धामधुमीत सिमेंट नियंत्रणाखाली गेले आणि दोन गोण्यांच्या परमिटासाठी लोक कचेरीत हेलपाटे घालू लागले, तेव्हा निरुपायाने मी पुन्हा चुन्याकडे, म्हणजे त्या गवंड्याकडे, वळलो. माझे मत मी विवेकाने बदलले असे लिहिता आले असते तर बरे दिसले असते. परंतु खरी गोष्ट अशी की सिमेंट मिळाले असते तर मी आणखी दहा घरे बिघडविली असती.

त्यानंतर मी भिंतीकडे पाहणे सोडले आणि घराभोवती फिरू लागलो. आधी एक प्रदक्षिणा बाहेरून, शक्य तर भर पावसात, इरले घेऊन; मग माळ्यावर; आणि सर्वांत शेवटी ती भिंत. पागोळ्या कोठे पडतात, वळचण पुरेशी पुढे आली आहे की नाही, कोनाचे एखादे कौल सरकले आहे काय, न्हाणीचे पाणी कोठे जाते, दक्षिण-पश्चिमेच्या झडीला कोणती भिंत तोंड देते आणि तिला यंदा झाप बांधले होते की नव्हते, हे सगळे पाहून होईपर्यंत बहुतेक वेळा निकाल लागलेला असे. एका सुखवस्तू घरातले प्रकरण या बाबतीत नमुनेदार आहे. त्यांच्या पडवीच्या भिंतीला चहूबाजूंनी ओल धरली होती आणि तीन तज्ज्ञांनी तीन निरनिराळी निदाने केली होती. मी मालकांना विचारले, “आपल्या लहानपणी जोत्याला पायऱ्या किती होत्या?” ते विचारात पडले, मग म्हणाले, “पाच. पाचव्या पायरीवरून उडी मारायची आमची पैज असे.” आम्ही दोघांनी मोजल्या, पायऱ्या दोन होत्या. अंगणात दरसाल नवी माती टाकून चोपायची, पुढच्या रस्त्यावर दरसाल भर पडायची, अशा रीतीने चाळीस वर्षांत तीन पायऱ्या आणि त्यांच्याबरोबर सगळे जोते जमिनीने गिळले होते, आणि पूर्वी जोत्यावर आपटणारी पागोळी आता सरळ भिंतीवर चिखल उडवीत होती. चार गड्यांनी आठ दिवस अंगण खणून खाली नेले, पाणी जाण्यास गटार काढले, आणि खालच्या तीन पायऱ्या जशाच्या तशा मातीतून वर निघाल्या. भिंत दोन वर्षांत वाळली. मालकांचा मात्र माझ्यावरचा विश्वास त्या दिवसापासून थोडा कमीच झाला. काही विकत आणावयास न सांगणाऱ्या माणसाला ते तज्ज्ञ मानू शकले नाहीत.

तथापि ज्या घराने माझा सर्वांत अधिक वेळ घेतला आणि माझा गर्व उतरविला ते एका खाडीकाठच्या बंदराजवळचे. घर टोलेजंग, छप्पर नुकतेच शाकारलेले, जोते छातीइतके उंच, भोवतालची जमीन उतरती. पाणी आत यावे अशी एकही जागा मला सापडेना. आणि तरीही मधल्या एका खोलीची एकच भिंत, तीही घराच्या पोटातली, जिला पावसाचे किंवा जमिनीचे दर्शनही फारसे होत नव्हते अशी, दर ज्येष्ठात घामाने डबडबलेल्या माणसासारखी ओली होई आणि दिवाळीनंतर आपोआप वाळे. ओल खालून वर चढत नव्हती, वरून उतरत नव्हती. ठिगळाठिगळांनी, माणसाच्या उंचीपर्यंत, ती तेथल्या तेथेच उमटत होती. मी कौले काढविली, जमीन खणविली, शेजारच्या विहिरीचे पाणी महिनाभर मोजले. मग वाटले की भिंतीत क्षार असतील, म्हणून ती घागरी घागरी पाण्याने धुवून काढविली. पुढच्या वर्षी ओलीची ठिगळे अधिक मोठी झाली. माझ्या वहीत त्या घराचा मजकूर अकरा पाने आहे, आणि त्यातली दहा पाने निरर्थक आहेत.

अकराव्या पानावर त्या घरातल्या एका वृद्ध आजींचा जबाब आहे. त्या आंधळ्या होत्या आणि भिंतीला हात लावीत लावीत घरभर हिंडत. मी भिंतीवरचा पांढरा लोणा खरवडून सहज जिभेला लावला, आणि तोंड वेडेवाकडे करून काही बोललो असेन, तोच त्या म्हणाल्या, “खारटच लागणार. अहो, त्या खोलीत मिठाची कोठी होती. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे पाय टाकला की तळवे चरचरायचे. मामंजींचा मिठाचा व्यापार होता.” हा व्यापार बंद होऊन पन्नास वर्षे झाली होती, कोठी मोडून तेथे देवघर झाले होते, घरातल्या कर्त्या माणसांपैकी कोणाला त्याची वार्ताही नव्हती. पण भिंत विसरली नव्हती. हवेतली आर्द्रता शेकडा पंचाहत्तरच्या वर गेली की साधे मीठ हवेतलेच पाणी ओढून विरघळू लागते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती कित्येक आठवडे त्याच्या वरच असते. म्हणजे मी ज्या पाण्याचा उगम जमिनीत व आभाळात शोधीत होतो ते त्या खोलीतल्या हवेतच होते. गोठ्याला लागून असलेल्या भिंतींचेही हेच. गोमूत्रातून जमिनीत मुरलेला सोरा भिंतीत चढून बसतो, आणि गुरे विकून गोठ्याची बैठकीची खोली केली तरी भिंत आपला जुना धर्म सोडीत नाही.

उपाय केला तो त्या गवंड्याच्या सल्ल्याने. सांधे उकरून, भिंतीला वाळू जास्त असलेला हलका चुन्याचा गिलावा दिला, तो वर्षभर मीठ शोषून पांढरा होऊ दिला, खरवडला, पोत्यात भरून खाडीत नेऊन टाकला. तो भिंतीच्या पायथ्याशी पडू दिला तर मीठ पुन्हा घरातच राहते. असे ओळीने तीन वर्षे केले. चौथ्या वर्षी आजींनी भिंतीवरून हात फिरविला आणि म्हणाल्या, “आता जरा कमी आहे.” पूर्ण बरी झाली असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि ती झालीही नव्हती.

हवेतल्या पाण्याचा हा धडा मिळाल्यावर आधीच्या काही कोड्यांचाही उलगडा झाला. मृगाच्या तोंडावर दक्षिणेकडचा दमट वारा सुटला की गार शहाबादी फरशीला घाम येतो, आणि लोक समजतात की जमिनीतून पाणी आले. अशा वेळी मी एक लहानसा आरसा भिंतीला मेणाने कडा बंद करून चिकटवून ठेवीत असे. दोन दिवसांनी आरशाच्या दर्शनी बाजूस दव धरले तर दोष हवेचा, पाठीमागे धरले तर भिंतीचा. या उपकरणास चार आणे पडत, आणि त्याने अनेकांचे शेकडो रुपये वाचविले आहेत.

एका संस्कृतज्ञ शिक्षकांनी मला एकदा वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला वज्रलेप करून मागितला. तेंदूची व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले वगैरे द्रोणभर पाण्यात उकळून अष्टमांश उरवावयाचे, त्यात राळ, गुग्गुळ इत्यादी घालून तो लेप देवालये, वाडे आणि भिंती यांना लावावयाचा, अशी ती कृती आहे. मी त्यांना नम्रपणे सांगितले की लेप वज्राचा असला तरी आपल्या न्हाणीची मोरी जोत्यातच फुटली आहे. मात्र प्राचीनांची मी थट्टा करीत नाही. विट्रुव्हिअस नावाच्या रोमन ग्रंथकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेविले आहे की दमट जागी जमिनीपासून तीनएक फूट उंचीपर्यंत गिलाव्यात वाळूऐवजी भाजलेल्या मातीची पूड घालावी, आणि तेवढ्याने न भागेल तर आतून दुसरी पातळ भिंत घालून मधल्या पोकळीस हवा खेळण्याकरिता वर व खाली भोके ठेवावीत. भाजलेल्या विटांची पूड म्हणजे आपली सुरखी. आमच्या गवंड्याला मी हे सांगितले तेव्हा त्याला मुळीच आश्चर्य वाटले नाही, त्याने विचारले, “त्याच्याकडं चुना शिंपल्यांचा का दगडाचा?”

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. रजा घेऊन मी पुण्यास गेलो, कारण तेथे आमच्या आप्तांचा वाडा होता. खाली दगडी जोते आणि वर दोन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या विटांच्या भिंती. आसपासचे कित्येक वाडे ढासळले होते. हा उभा होता, पण पाणी ओसरून आठवडा झाला तरी भिंतीला हात लावला की बोटे ओली होत. घरच्यांना घाई झाली होती. लोक नातलगांकडे वळकट्या टाकून राहिलेले, आणि एक कंत्राटदार पंधरा दिवसांत सिमेंटने सगळे चकचकीत करून देतो म्हणत होता. जाडीच्या दर इंचास वाळण्याला एक महिना, असा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. मी सांगितले की दोन्ही अंगांनी गिलावा काढा, खिडक्यांची तावदाने उतरवा, भिंतीलगतचे सर्व सामान हलवा, आणि निदान एक वर्ष काहीही करू नका. बेघर झालेल्या माणसाला ‘काहीही करू नका’ असे सांगणे किती निर्दय आहे हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. त्या घरातल्या सुनेने मला विचारले, “काका, वर्षभर पोरांना घेऊन मी राहू कुठे?” या प्रश्नाला माझ्या विद्येत उत्तर नव्हते. त्यांनी अर्धे माझे ऐकले आणि अर्धे कंत्राटदाराचे, आणि मला त्यांना दोष देववत नाही.

त्याच वाड्यात तळघरातून एक पेटारा वर काढला होता. त्यात सनदा, वाटणीपत्रे आणि तीन पिढ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. सगळ्यांचा मिळून एक ढेकूळ झाला होता. पण पाने अलग करू लागलो तेव्हा लक्षात आले की तळाची कित्येक पाने पुराच्या फार आधीपासून ओलीने कुजून, बुरशीने काळी पडून एकमेकांस चिकटलेली होती. वरची पाने नेली ती पुराने. तळाची नेली ती त्या कोपऱ्यातल्या ओलीने, जिच्यापुढे कोणीतरी लाजेकाजेस्तव हा पेटारा आणून ठेविला होता. ओलीपुढे कपाट सरकविण्याची, तिच्यावर दिनदर्शिका टांगण्याची ही सवय मी शंभर घरांत पाहिली आहे. झाकलेल्या भिंतीला वारा लागत नाही आणि मालकाची नजरही लागत नाही. या दोहोंपैकी कशाने अधिक नुकसान होते ते मला सांगता येणार नाही.

आता आमच्या स्वतःच्या घराविषयी. ते वडिलांनी दरड तासून बांधलेले आहे, आणि त्याची मागची भिंत डोंगराला जवळजवळ टेकलेली आहे. मी कळता झालो तेव्हा तिला छातीपर्यंत ओल होती. निवृत्तीनंतर पहिल्या उन्हाळ्यात मी भिंत आणि दरड यांच्यामध्ये दोन हात रुंदीचा चर खणविला, तो जोत्याच्या पायाखाली वीतभर खोल नेला, त्याला पऱ्ह्याकडे उतार दिला, आणि तरुणपणी मीच मोठ्या हौसेने मारलेला सिमेंटचा पट्टा छिन्नीने फोडून काढविला. तो फोडणारा गवंडी त्या म्हाताऱ्याचा मुलगा होता. त्याने मला काही विचारले नाही. ओल छातीवरून कमरेला आली, कमरेवरून गुडघ्याला. त्याखाली ती जात नाही. डोंगराचे पाणी आहे, आणि डोंगर हलविता येत नाही. मुंबईहून मुलगा येतो तेव्हा कोणत्यातरी नव्या रंगाचे नाव सांगतो, मी ते लिहून घेतो, आणि तो गेल्यावर गड्याला बोलावून चरातला पालापाचोळा काढवितो. यंदाही आषाढात ओल गुडघ्यापर्यंत आली. पुस्तकांचे कपाट मी भिंतीपासून दीड हात पुढे ओढून ठेवले आहे.